हर्णैच्या किनारी घर घेताना

अमरावती-अकोल्याचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला निवृत्तीनंतर समुद्रकाठी घर असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. दापोली तालुक्यातील हर्णै बंदर अशांना भुरळ घालते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, काठावर कनकदुर्गाचे दीपगृह, मागे नारळी-पोफळीच्या बागा. परंतु या गावाचा प्राण म्हणजे मासळीचा लिलाव. होड्या परतल्या की तो किनाऱ्यावरच भरतो. त्याचा वास वाऱ्यासवे घरात येणारच. अहिंसाव्रती कुटुंबाने हे आधी मनाशी पक्के करावे. कोळी बांधवांची उपजीविका नव्या शेजाऱ्यासाठी बदलणार नाही, आणि तशी अपेक्षा धरणेही रास्त नव्हे.

त्यानंतर कागद पाहावेत. सातबाऱ्यावर अनेकदा बरेच सामाईक हिस्सेदार असतात. एकाची सही पुरत नाही. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन परवानगीविना घेता येत नाही. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू असतात. म्हणून वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा.

इसार देण्यापूर्वी एक पावसाळा तेथे भाड्याने राहावे. जिनमंदिर किती दूर, रात्री डॉक्टर मिळतो का, खेडचे रेल्वे स्थानक गाठायला किती वेळ लागतो, हे तेव्हाच कळते. अपरिग्रह मानणाऱ्याला कदाचित ते भाड्याचे घरच पुरेसे वाटेल.