सासवडचे पुरंदरे

शुक्रवार, हाटकेश

उद्योगनगरातल्या गाळ्यांची शटरं पडल्यावर बॅग भरली. आमच्या मीरा रोडला तीस वर्षांची सोसायटी म्हणजे पुरातन वास्तू. लगेच रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू. उद्या खरोखरीचं जुनं घर पाहायला निघायचं आहे.

शनिवार, सासवड

काशीमिरा, घोडबंदर, ठाणे, पुणे. लिहावं असं काही नाही. दिवे घाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसला, तेवढाच.

गाडीत व्हिटा सॅकव्हिल-वेस्टबद्दल वाचलं. केंट परगण्यातलं नोल हे त्यांच्या घराण्याचं अवाढव्य घर. पूर्वज थॉमस सॅकव्हिल कवी आणि उमराव, तर व्हिटा कादंबरीकार. 1928 मध्ये वडील वारले, पण मुलगी म्हणून नोल तिला मिळालं नाही, काकाकडे गेलं. सरदारकी, वाडा आणि लेखणी एकाच आडनावात असं आपल्याकडे कुठे? मला आधी पुरंदरेच आठवले.

पुरंदऱ्यांचा वाडा गढीसारखाच आहे. खाली घडीव दगड, वर विटा, दरवाजाला बुरूज. शनिवारवाडा आठवतोच, पण त्याचा पाया 1730 चा. त्याआधी पेशव्यांचं बिऱ्हाड इथे सासवडला होतं. अंबाजी त्र्यंबक पुरंदरे बाळाजी विश्वनाथांच्या पडत्या काळापासूनचे सोबती. 1713 मध्ये बाळाजींना पेशवाई मिळाली आणि अंबाजीपंत त्यांचे मुतालिक झाले. बाळाजी 1720 मध्ये वारले तेही सासवडलाच. एवढा इतिहास, आणि वाड्याची पडझड पाहून जीव हळहळतो. पुण्यात शनिवारवाड्याला तिकीट आहे, इथे साधी पाटीही नजरेस पडली नाही.

रविवार, सासवड

सकाळी सोपानदेवांची समाधी, मग संगमेश्वर. दुपारभर पुरंदऱ्यांचाच विचार. घराण्याची कागदपत्रं कृ. वा. पुरंदरे यांनी ‘पुरंदरे दप्तर’ म्हणून संपादित केली, भारत इतिहास संशोधक मंडळाने छापली. पेशवाईच्या अभ्यासकाला ती टाळता येत नाहीत. याच आडनावाच्या बाबासाहेबांनी शिवचरित्र घरोघरी नेलं. त्यांच्या कन्या माधुरी पुरंदरे यांचं ‘वाचू आनंदे’ तर कितीतरी मुलांच्या हाती पडलं. व्हिटाला घर नाकारलं गेलं. इथे लेकीने लेखणी पुढे चालवली.

माझं मत विचाराल तर या आडनावाचा सर्वांत भक्कम वाडा कागदाचा आहे. पण म्हणून दगडविटांचा ढासळू द्यायचा नाही. पुरंदर किल्ल्यावर जाणाऱ्यांनी वाटेत अर्धा तास सासवडला थांबावं. गडाबद्दल पुढच्या अंकात.