हलशीचे भाऊ-भाऊ राजे

खानापूरहून नंदगडकडे निघालेली माणसे बहुतेक संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबतात आणि परततात. थोडे पुढे हलशी आहे, तिथवर फार कमी लोक जातात. पाचव्या शतकात हे गाव 'पलाशिका' म्हणून ओळखले जाई आणि बनवासीच्या कदंबांची ती दुसरी राजधानी होती. त्या काळचे ताम्रपट येथेच सापडले.

मला मात्र ओढ आहे ती बाराव्या शतकातील भूवराह नरसिंह मंदिराची. येथे एकाच सभामंडपाला समोरासमोर दोन गाभारे आहेत. एकात नरसिंह, दुसऱ्यात वराह. तेव्हा गोव्याच्या कदंबांचे राज्य होते. जयकेशी दुसरा याने कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याची कन्या मैलळदेवी हिच्याशी विवाह केला. तिचे दोन पुत्र, पेर्माडी आणि विजयादित्य. थोरल्याचे बिरुद शिवचित्त, धाकट्याचे विष्णुचित्त. भावाने भावाला तुरुंगात टाकावे, डोळे काढावेत, असे प्रकार राजघराण्यांत होत असताना या दोघांनी मिळून राज्य केले. थोरला शिवभक्त, धाकटा विष्णुभक्त, तरी त्यावरून घर फुटले नाही. शिवचित्ताची राणी कमलादेवी हिने कित्तूरजवळच्या देगावला 1174 साली मंदिर उभारले, तेही कमलनारायणाचे!

एकदा सहलीत एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे राजे आपले की त्यांचे?" आपल्या भागात हा प्रश्न कोणी वावगा मानत नाही. मी त्याला शिवचित्ताचे सोन्याचे नाणे कसे असते ते सांगितले. त्यावर सिंह आहे आणि सप्तकोटीश्वराच्या कृपेने वर मिळालेला राजा, अशा अर्थाचा मजकूर नागरी लिपीत आहे. याच राजांच्या शिलालेखांत मात्र जुनी कन्नड लिपी भेटते. घाटावरच्या आणि घाटाखालच्या प्रजेशी व्यवहार करणाऱ्याला दोन्ही लिप्या लागत. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्याच सप्तकोटीश्वराचे नार्वे येथील मंदिर 1668 साली शिवाजी महाराजांनी पुन्हा बांधविले. आज गोव्याची सरकारी बस 'कदंब' या नावाने धावते. हलशीत देवाची पूजा चालू आहे, देगावला कोरीव छत शाबूत आहे. राजांची वंशावळ पाठ असलेला माणूस मात्र या गावांत शोधावा लागतो.

त्या विद्यार्थ्याचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. पण तो बराच वेळ दोन गाभाऱ्यांच्या मधोमध उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होता. आपणही एखाद्या रविवारी मुलांना घेऊन हलशीला जाऊन यावे. जाताना डबा बरोबर असू द्यावा.