सहा कळांचे कामरेज

खान्देशातील एका तालुका कचेरीत बत्तीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झाल्यावर मी सुरतेजवळच्या कामरेजला मुलाकडे राहावयास आलो. आणि जिच्या काठी जन्मलो ती तापी येथेही सोबतीला आहे, हे समाधान चारएक महिने पुरल्यानंतर, रिकामपणास कंटाळून, हमरस्त्यावरील चार रस्त्यालगतच्या एका मालवाहतूक पेढीत पत्रव्यवहाराचे काम पत्करले. सुरतेच्या साड्यांच्या गाठी धुळे-जळगावकडे रवाना होत, त्यांचा मराठी मजकूर माझ्याकडे असे आणि हळूहळू गुजरातीही माझ्याच गळ्यात पडला.

संगणक मला वर्ज्य नव्हता, परंतु माझी रीत कचेरीतली होती. मसुदा जतन करावयाचा तर माऊस सरकवीत यादी उघडावयाची, तीतून योग्य ते कलम निवडावयाचे आणि मग मंजुरी द्यावयाची. शेजारच्या टेबलावरील तरुण बिल्टी-लेखक हे दोन दिवस निमूटपणे पाहत होता, तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काका, उंदरने जरा आराम आपो ने!"

मला राग आला, हे कबूल करतो. कचेरीत आडवाटेने आलेला अर्ज आम्ही परत पाठवीत असू आणि हा पोर मला आडवाट शिकवू पाहत होता. पण कागदावर आधी शिरोरेघ ओढून, हात न उचलता मोडी लिहिणारे आमच्या आजोबांच्या पिढीचे कारकून आठवले, आणि श्रम वाचविण्याची तजवीज हा तर आमच्याच व्यवसायाचा कुळधर्म आहे, असे मनाशी म्हणत मी शरण गेलो. कंट्रोलसह एस दाबला की मसुदा जतन. ऑल्टसह टॅब दाबला की बिल्टीच्या वहीतून पत्रात. चहाला उठताना विंडोजच्या कळीसह एल दाबला की दफ्तराला कुलूप. एफ-२ दाबला की फाईलचे नामांतर. हे सारे आठवडाभरात हाती बसले.

फजिती झाली ती नकलेत. एका व्यापाऱ्याचा लांबलचक पत्ता कंट्रोल-सीने उचलला, मध्येच गाठींची संख्या तशीच उचलली आणि पत्त्याच्या जागी "४२ गाठी" एवढेच छापून पत्र टपालात गेले! एका नकलेने दुसरीस बरखास्त करावे, हा यंत्राचा जुना शिरस्ता. कापणे, उचलणे, चिकटविणे ही क्रिया १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात रूढ करणाऱ्यांपैकी लॅरी टेस्लर हे २०२० साली निवर्तले. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. तरुणाने विंडोजच्या कळीसह व्ही दाबून मागील नकलांची यादी उघडण्याची सोय दाखविली. ती आधी चालू करून ठेवावी लागते, मगच शेवटच्या पंचवीस नकला तेथे रुजू राहतात. संगणक पुन्हा सुरू केला की, टाचून ठेवलेल्या वगळता, सगळ्या गडप होतात.

मात्र माझ्यापाशीही एक कळ होती, जी त्या गुरूस ठाऊक नव्हती. तो गुजराती शब्द रोमन अक्षरांत लिहून यंत्राकडून रूपांतर करवी आणि यंत्राने भलताच शब्द सुचविला की कपाळाला हात लावी. मी मराठीसाठी इनस्क्रिप्ट शिकलेला. १९९१च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या या कळपाटाचे रहस्य असे की, स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, आणि लिपी कोणतीही असो, एका ध्वनीची कळ तीच. विंडोजच्या कळीसह स्पेसबार दाबून भाषा बदलली की त्याच बोटांनी दुसरी लिपी उमटते. आपला आणि गुजरातीचा लाडका ळ तर दोहोंकडे शिफ्टसह एन या कळीवरच मुक्काम ठोकून आहे. के, ई, सी, जे, एस, पी या सहा कळांनी मी प्रथम मराठीत "कामरेज" लिहिले, मग भाषा बदलून, बोटांचा क्रम तोच ठेवून, बिनशिरोरेघेचे गुजराती कामरेज.

तरुणाने खुर्ची ओढली. "काका, तापी कैसे?" असे त्याने हिंदीत विचारले, आम्हा दोघांची तडजोडीची भाषा तीच. एल, ई, एच, आर, मी सांगत गेलो. त्याने चाचपडत गुजरातीत नदी लिहिली, विंडोज-स्पेस दाबले, पुन्हा त्याच चार कळा दाबल्या आणि शिरोरेघ घेऊन आलेली तापी पाहून चहावाल्या पोरालाही हाक मारली.