केडगावची पंडिता

आमचे कडेगाव आणि पुणे जिल्ह्यातील दौंडजवळचे केडगाव या दोन नावांची गल्लत बाहेरचे लोक नित्य करतात. आमचे गाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. त्याची ख्याती मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांची. ते दुसरे केडगाव पंडिता रमाबाईंचे. ‘तुमच्याच गावी ना ते मुक्तिसदन?’ असे मला अनेकदा विचारण्यात येते, आणि ‘नव्हे’ म्हणताना दर वेळी किंचित खंत वाटते.

दोन्ही गावांस दुष्काळाचा परिचय मात्र सारखाच. टेंभूचे पाणी येण्यापूर्वीचा आमचा मुलूख ज्यांनी पाहिला त्यांस अधिक सांगावयास नको. 1972 साली आमच्या मातोश्री मला कडेवर घेऊन खडी फोडावयास जात. त्या कामावर मिळालेल्या सुकडीची चव त्या अखेरपर्यंत विसरल्या नाहीत.

माझ्या वर्गातून पदवी घेऊन गेलेले तरुण हल्ली मजकडे येऊन बसतात. स्पर्धा परीक्षांत पाच-सहा वर्षे गेलेली, वय निघून चाललेले. अशा एकास मी रमाबाईंचे चरित्र सांगू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “सर, त्यांना देव सापडला. आम्हांला कोण सापडणार?” प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. मी स्वतः ख्रिस्ती नाही. तथापि श्रद्धा लाभली की निराशा संपते, असा जो समज त्या प्रश्नाच्या मुळाशी आहे, तो मला मान्य नाही. रमाबाईंच्या बाबतीत तर क्रम उलटाच दिसतो.

1874 च्या सुमारास दुष्काळाने त्यांचे आईवडील व बहीण नेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही बुद्धी गहाण न ठेवता. धर्मसिद्धान्तांवरून तेथील भगिनींशी त्यांचे वाद होतच राहिले. परंतु त्यांची सर्वांत जाहीर निराशा याच्या दहा वर्षांनंतरची, किंबहुना त्या श्रद्धेमुळेच ओढवलेली! 1889 मध्ये मुंबईत उघडलेले शारदासदन पुढे पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे अभिवचन होते. पण बाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि मुली आत येऊन बसत. पालकांचा संशय अगदीच निराधार होता, असे मला म्हणवत नाही. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. वीस-पंचवीस मुली नेण्यात आल्या. ज्यांच्यासाठी सारे मांडले, तीच माणसे उठून गेली.

अशा वेळी उत्तरे-प्रत्युत्तरे लिहिण्यात आयुष्य घालविणे सोपे होते, आणि लेखणी तर त्यांची धारदार होती. पण 1896-97 चा दुष्काळ पडला व बाई मध्यप्रांतात गेल्या. तेथे रस्त्याकडेला जे दिसले ते त्यांना नवे नव्हते. वीस वर्षांपूर्वी त्या स्वतःच त्या रांगेत होत्या. आपण त्या उपासमारीतून वाचलो ते कशासाठी, हा प्रश्न भाविक मनालाच पडतो. इतरेजन त्याला योगायोग म्हणून सोडून देतात. बाईंच्या श्रद्धेने दुःखाचे सांत्वन कितपत केले, ते ईश्वर जाणे. तिने त्या दुःखाला काम मात्र लावून दिले. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगचा कहर, इतक्या जणींना शहरात ठेवण्यास मनाई. म्हणून केडगावच्या शेतात गवती छपरे उभारली गेली. 1900 च्या पुढे तेथील वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. माग, तेलघाणा, गोठा, छापखाना, अंधांसाठी ब्रेल, सारे तेथे आले.

त्या तरुणाला मी छापखान्याचीच हकीकत सांगितली. बाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत उतरविण्याचे काम हाती घेतले. ते छापण्यासाठी खिळे जुळवीत होत्या त्या मुक्तिसदनातल्या मुली. त्यांतल्या कित्येकींना तेथे येण्यापूर्वी अक्षरओळखही नव्हती. 1921 च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम थांबले नाही. ते पुरे करूनच 5 एप्रिल 1922 रोजी बाई निवर्तल्या.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, केडगावला इथून कसं जायचं?”