पळणाऱ्या घुडखराचे छायाचित्र

उन्हाळ्याच्या सुटीत वाळवंटात जाणे हा शहाण्या माणसाचा उद्योग नव्हे, हे मला मान्य आहे. आम्हां बडोदेकर मराठी कुटुंबांची मे महिन्यातील वाट बहुधा ठरलेली असते. ज्यांचे कुलदैवत गोमंतकात आहे ते फोंड्याच्या बाजूस जातात, आणि देवदर्शन, फणसाचे गरे व आप्तांच्या ओसरीवरील वाद यांत पंधरवडा कसा सरतो हे त्यांना कळत नाही. यंदा आम्हांस अवघे चार दिवस मोकळे सापडले. तेवढ्यात गोवा होत नाही. थोरल्या कन्येने मामाकडून लांब भिंगाचा कॅमेरा मागून आणलेला होताच. तिने कच्छच्या छोट्या रणाचे नाव काढले. तेथे घुडखर आहेत, म्हणजे रानगाढवे.

"गाढवे पाहायला एवढ्या उन्हात?" आईने विचारले. प्रश्न रास्त होता. परंतु त्या रणात एका बेटावर वच्छराज सोळंकीचे देवस्थान आहे. गाईंच्या रक्षणासाठी स्वतःच्या लग्नमंडपातून उठून गेलेला आणि त्या झुंजीत पडलेला तो वीर. ही कथा ऐकताच आईने आपली पिशवी भरावयास घेतली. अशा रीतीने एकीला देव, दुसरीला गाढव आणि धाकट्या चिरंजीवांना जीपगाडी असे तीन निरनिराळे हेतू घेऊन आमचे कुटुंब निघाले. आमच्या सौभाग्यवतींचा हेतू त्यांनी शेवटपर्यंत सांगितला नाही.

रण म्हणजे वाळूच्या टेकड्या, अशी ज्यांची समजूत असेल त्यांची येथे निराशा होते. येथे वाळू नाही. वाळलेला चिखल आहे. पावसाळ्यात बनास, रूपेण, सरस्वती या नद्यांचे पाणी येऊन येथे गुडघ्याएवढे उथळ तळे पसरते आणि जनावरे उंचवट्यांवर आश्रय घेतात. या उंचवट्यांना तिकडे बेटच म्हणतात, आणि श्रावणात ती खरोखर बेटे असतात. मे महिन्यात मात्र क्षितिजापर्यंत भेगाळलेली भुई, मध्येच अगरियांच्या मिठाच्या पाट्या, आणि बेटांवर गांडो बावळ. ही परदेशी बाभूळ माणसानेच आणून लावली. आता ती आवरत नाही म्हणून तिला 'वेडी' म्हणावयाचे, हा न्याय मला काही पटला नाही. घुडखर तिच्या शेंगा आवडीने खातात.

घुडखर या नावात घोडा आहे आणि संस्कृतातील खरही आहे. प्राणी पाहिल्यावर नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटते. पिवळसर तांबूस पाठ, पांढरे पोट, मानेपासून शेपटीपर्यंत गेलेला एक काळसर पट्टा. १९६०च्या सुमारास सर्रा नावाच्या रोगाने यांची दैना केली, आणि १९६९च्या गणतीत ते अवघे ३६२ उरले होते. पुढे अभयारण्य झाले. २०२४च्या गणतीत त्यांची संख्या ७,६७२ भरली. आपल्या देशात वन्य प्राण्यांविषयीची बातमी बहुधा वाईट असते, म्हणून हे दोन आकडे शेजारी मांडताना मला विशेष समाधान होते.

आम्ही उतरलो त्या जागी भिंतीवर एक मोठे छायाचित्र टांगलेले होते. दहाबारा घुडखर ओळीने चौखूर उधळलेले, खुरांखालून धुळीचा लोट उठलेला. चित्र सुंदर होते यात शंका नाही. कन्या त्याच्यासमोरून हलेना. तिला हेच हवे होते. मी मात्र पडलो वकील. छायाचित्र पुढे आले की त्यात काय दिसते याआधी ते कोठून व कसे घेतले हे विचारण्याची सवय जडलेली. त्या चित्रात सर्व जनावरांचे कान मागे पडलेले होते, एकाचेही तोंड आपल्याकडे नव्हते, आणि धूळ त्यांच्या मागे, म्हणजे चित्र घेणाऱ्याच्या बाजूला होती. ती जनावरे कोणाला भिऊन पळत होती, हे सांगण्यास दुसरा साक्षीदार नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास असाच एक कळप समोर आला. अंतर तीनशे पावलांचे असावे. आमचा जीपवाला सज्जन होता. वर्षातील काही महिने पाहुण्यांच्या समाधानावर त्याचे घर चालते. त्याने मागे वळून सहज विचारले, "साहेब, पळवू का? ताईंना फोटो चांगला मिळेल."

मी नको म्हणालो, आणि गाडीतच एक लहानसा खटला उभा राहिला.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या मोठी विस्तृत आहे. मारणे तर शिकार आहेच. पण पकडणे, मागे लागून दमविणे, सापळा लावणे, आमिष दाखविणे आणि हाकणे हेही शिकारच. व्याख्येत बंदुकीची अट नाही. आमच्या गायकवाडी दरबारात हरणांच्या मागे पाळीव चित्ते सोडीत, त्या प्रकाराला या व्याख्येत जागा आहे. आणि माझ्या मते जनावरामागे मुद्दाम घातलेल्या जीपगाडीलाही आहे. घुडखर पहिल्या अनुसूचीत येतो. शिक्षा तीन ते सात वर्षे. २०२२च्या दुरुस्तीने तर अभयारण्यातील छायाचित्रणाच्या परवान्यालाच शब्द जोडले गेले, की त्यामुळे प्राण्यांवर किंवा त्यांच्या वसतिस्थानावर अनिष्ट परिणाम होता कामा नये.

"म्हणजे आपल्याला तुरुंगात घालतील?" चिरंजीवांनी आशेने विचारले.

कन्येचा युक्तिवाद अधिक सकस होता. "बाबा, ते एरवीही पळतातच ना? दोन मिनिटांचा तर प्रश्न. आणि संख्या तर वाढते आहे, तुम्हीच म्हणालात." खरे सांगावयाचे तर कलमांच्या आधारे मी गाडी थांबवू शकत होतो, तिचे मन नव्हे. एका गाडीने दोन मिनिटे पळविले तर काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते. एका मोसमात किती गाड्या येतात, आणि प्रत्येकीत असे म्हणणारा कोणीतरी असतोच, एवढे मी म्हणालो. तिने तोंड फिरविले.

आई इतका वेळ डोळ्यांवर हात धरून कळपाकडे पाहत होती. ती म्हणाली, "अगो, त्या पोटुश्या आहेत. बघ तरी, पोटे कशी उतरलीत."

आईचे माहेर शेतीवाडीचे. गाभण जनावर ती चालीवरून ओळखते. जीपवाल्याने मान हलविली. घुडखराची मादी अकरा महिन्यांच्या आसपास गाभण राहते आणि पावसाळ्यात विते. म्हणजे मे महिन्यात त्या माद्यांचे दिवस भरत आलेले. हा प्राणी तासाला सत्तर किलोमीटरच्या वेगाने धावू शकतो, हे पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. तो कोणत्या अवस्थेत धावतो आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

कन्येने कॅमेरा मांडीवर ठेवला. "काका, इंजिन बंद करता?" ती जीपवाल्याला म्हणाली.

आम्ही पाऊण तास तसेच बसून राहिलो. कळप चरत चरत थोडा जवळ आला आणि मग थोडा दूर गेला. त्याला आमच्याशी कर्तव्य नव्हते. दहा वाजता भुईवर मृगजळ हलू लागले. लांब भिंगाने दूरचे जवळ दिसते खरे, पण मधली तापलेली हवाही त्याबरोबर मोठी होते. कन्येने टिपलेल्या चित्रात तीन माद्या पोटापर्यंत पाण्यात उभ्या असल्यासारख्या दिसतात. पाय नाहीतच, रेषा वितळलेल्या. दुसऱ्या पहाटे, हवा स्वच्छ असताना, बेटाच्या कडेला एकटा उभा असलेला एक नर तिला मिळाला. कान पुढे, नजर थेट आमच्यावर. ते चित्र उत्तम आले आहे. तरीही भिंतीवरचे ते धावणारे चित्र तिच्या मनातून गेलेले नाही, आणि ते जावे असा माझा आग्रहही नाही.

वच्छराज बेटावर आईने दर्शन घेतले व देवस्थानाच्या गाईंना चारा घातला. परतताना एका अगरियाच्या झोपडीपाशी चहा झाला. त्या घरी गोडे पाणी टँकरने येते, तरी आमच्यासमोर पाण्याचे तांबे आधी आले.

बडोद्यास आल्यावर मामांनी चित्रे पाहिली. माद्यांच्या चित्रापाशी थांबून त्यांनी भिंगात काही दोष आहे काय, अशी चौकशी केली. हवा हलते, असे कन्येने सांगितले. "मग थंडीत जा," मामा म्हणाले. तिने आजीला विचारले, की तोवर त्यांची पोरे केवढी झाली असतील? आईने बोटांवर महिने मोजले. आषाढ-श्रावणात व्यायल्या, तर मार्गशीर्षात चार-पाच महिन्यांची.