थंडीचा आठवडा

मे महिन्यात पारा ४३ अंशांपलीकडे नेणारे आमचे सोलापूर थंडीला एरवी फारसे मनावर घेत नाही. त्यामुळे संक्रांतीच्या आगेमागे, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत, आठवडाभर खरोखरीची थंडी पडली की आम्ही गोंधळून जातो. स्वेटर सापडत नाहीत. सापडते ती ट्रंकेतली चादर: जाकार्डच्या मागावर विणलेली, सुती, जड, कशीही पांघरली तरी सुलटच. (मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात ज्वारी भरायला हीच थंडी लागते, तेव्हा तक्रार करायची ती शहरवासीयांनीच.)

यंदा सकाळच्या पहिल्या तासाला एक विद्यार्थी सलग तीन दिवस उशिरा आला. चौथ्या दिवशी आम्ही भर वर्गात त्याला चार शब्द सुनावले. थंडीत पांघरुणातून निघवत नसेल, असेही म्हणालो. मुले हसली. तो हसला नाही. तास संपल्यावर दुसऱ्याच मुलाने सांगितले, की तो यंत्रमागावर रात्रपाळी करतो, चादरींच्याच कारखान्यात, आणि तिथून थेट वर्गात येतो. आम्ही त्याला गाठले. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, केसांत सुताची तूस. काय बोलावे ते सुचेना, म्हणून स्वेटरचे विचारले.

“मागाजवळ उकडतं, सर. बाहेर पडल्यावरच काय ती वाजते.”

त्या रात्री चादर नेहमीपेक्षा जड वाटली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही हजेरी तासाच्या शेवटी घेऊ लागलो.