पुट्टी

निवृत्तीनंतर काय करता, असं कोणी विचारलं की हल्ली मी सांगतो, जहाज बांधतोय. शहरातले लोक हसतात. जयगडच्या खाडीकाठी आमच्या गावात मात्र या वाक्याला अजून अर्थ आहे. इथे लोक लाकूड कुठलं ते विचारतात. मग मला खरं सांगावं लागतं की जहाज अडतीस सेंटिमीटर लांबीचं आहे आणि लाकूड पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलंय.

खोकं लेकीनं पाठवलं. ती इंग्लंडात मिडल्सब्रोला नर्स आहे. तिथून जवळच हार्टलपूलच्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ नावाची जुनी युद्धनौका आहे. एका सुट्टीच्या दिवशी लेक ती बघायला गेली आणि डेकवरूनच तिनं व्हिडिओ कॉल केला. “अब्बा, हे जहाज मुंबईत बांधलंय!” खरंच आहे ते. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानाचं हे जहाज 1817 मध्ये मुंबईत पाण्यात उतरलं. दोनशे वर्षं उलटली तरी ते अजून तरंगतंय. त्याची आणखी एक गंमत आहे. त्याचे पहिले नकाशे ‘जावा’ नावाच्या ब्रिटिश नौकेवरून मुंबईकडे निघाले होते. 1812 च्या डिसेंबरात ती नौका ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या तावडीत सापडली आणि नकाशेही गेले. मग दुसरे नकाशे मागवावे लागले.

ही गोष्ट मी माझ्या अब्बांना सांगितली. अब्बा शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली आहे. उभी हयात त्यांनी गलबतावर काढली, शेवटची वीस वर्षं तांडेल म्हणून. ते म्हणाले, “कागद बुडाला म्हणून बोट अडली? सुतार काय करत होता?”

आमच्याकडे बोट नजरेनं बांधत. सुतार दोरी धरायचा, एक डोळा मिटायचा आणि वाकस चालवायचा. माझ्या खोक्यात मात्र चादरीएवढा नकाशा होता. सोबत प्लायवूडचे कापलेले तुकडे, पट्ट्यांचे दोन जुडगे, दोऱ्याची रिळं आणि पितळी खिळ्यांची पुडी. जहाज ट्रिंकोमाली नव्हे, नवशिक्यांसाठीचा दोन डोलकाठ्यांचा स्कूनर.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. मधोमध प्लायवूडचा एक सपाट कणा असतो. त्याला खाचा असतात. त्या खाचांत अकरा आडवे सांगाडे बसवायचे, की माशाच्या काट्यासारखं काहीतरी दिसू लागतं. मग या सांगाड्यांच्या कडा तिरप्या घासायच्या. नाळेकडे फळी वळत जाते. कडा चौकोनी राहिली तर फळी तिच्यावर फक्त एका टोकाला टेकते आणि पुढे फुगवटा येतो. मी गणिताचा मास्तर, त्यामुळे हे मला पटकन कळलं. हाताला कळायला तीन आठवडे लागले.

त्यानंतर फळ्या. पाच मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड. बोटीचा घेर मध्यभागी मोठा आणि टोकांना लहान असतो, म्हणून प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती करावी लागते. नाहीतर नाळेपाशी फळ्या एकमेकींवर चढतात. निमुळती केलेली फळी कोमट पाण्यात भिजवायची, वाकवायची, गोंद लावायचा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची. घरातले सगळे चिमटे मी पळवले. बायकोनं दोन महिने ओले कपडे दोरीवर नुसतेच टाकले आणि वारा सुटला की माझ्याकडे बघितलं.

माझी चूक इथेच झाली. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं की फळ्या आळीपाळीनं लावा, एक डावीकडे, एक उजवीकडे. मला वाटलं, एक बाजू पुरी करू, हात बसेल, मग दुसरी बाजू चांगली होईल. वर्गात मी मुलांना हेच सांगत आलो होतो, हातातलं गणित सोडवा आणि मग पुढचं घ्या. उजवीकडच्या चौदा फळ्या लावून झाल्या. ओल्या फळ्या सुकताना आखडतात आणि गोंदही ओढ घेतो. दुसऱ्या बाजूला ओढायला कोणी नव्हतं. कणा हळूहळू उजवीकडे वळला. तो वळताना मला दिसला नाही. दिसलं ते एवढंच, की डावीकडच्या फळ्या नाळेपाशी नीट मिळत नाहीत, फटी राहतात. त्या फटी मी पुट्टीनं भरल्या आणि वरून सँडपेपर मारला. हाताला गुळगुळीत लागलं. लेकीला फोटो पाठवला, तिचे टाळ्यांचे इमोजी आले.

अब्बा दुपारी झोपत नाहीत. जोहरची नमाज खुर्चीवर बसून पढतात आणि पडवीत येऊन बसतात. त्या दिवशी मी बोट त्यांच्या हातात दिली. खरं सांगायचं तर कौतुकाच्या अपेक्षेनं दिली.

त्यांनी ती मांडीवर घेतली. नाळेवर दोन्ही अंगठे ठेवले आणि दोन्ही बाजूंनी एकदमच मागे नेले. पुन्हा नाळेकडे आले. मग उजव्या हाताचं नख एका जागी थांबलं.

“हितं काय भरलंस?”

“पुट्टी.”

“का?”

“थोडी फट होती.”

“फट का पडली?”

मी गप्प. त्यांनी बोट डोळ्यांसमोर धरावी तशी उचलली, जणू दिसतंय. “वाकडी आहे. पाण्यात टाकलीस तर उजवीकडे जाईल.”

मी म्हटलं, “अब्बा, ही पाण्यात टाकायची नाही. कपाटात ठेवायची आहे.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मी एकसष्ट वर्षांत प्रथम ऐकलं.

त्याआधी थोडं मागे जायला हवं. 1975 साली मी बारा वर्षांचा होतो. माझ्या वयाची दोन मुलं त्या हंगामात बोटीवर गेली होती. मंगळूरची कौलं भरून गलबतं मुंबईकडे जात. मला नुसती एक खेप करायची होती. मी रडलो, जेवण टाकलं. अब्बा म्हणाले, “तुझे हात कलमाचे आहेत,” आणि निघून गेले. हे वाक्य मी आयुष्यभर बाळगलं. गावात लोक त्याचा अर्थ चांगला लावत, बाप शिकवतोय म्हणत. मला मात्र त्यात ऐकू यायचं की तुझ्यानं हे होणार नाही. मी मास्तर झालो, मुख्याध्यापक झालो, पण किनाऱ्यावर चार खलाशी बसलेले दिसले की मी वाट बदलायचो.

“त्या साली,” अब्बा म्हणाले, “पावसाळ्यात बोट वर ओढली तेव्हा पाण्याखालची एक फळी कुजलेली निघाली. बोट शाकारायच्या आत नवी फळी घालायला हवी होती. मी मालकाला सांगितलं. तो म्हणाला, सागाचा भाव माहीत आहे का? कापूस ठासून वरून लुकण भरलं, तेल चोपडलं. बघणाऱ्याला नवी दिसत होती. तशी दोन हंगाम चालवली मी ती. रात्री पाणी उपसायला एक माणूस कायम खाली.”

“आणि तुम्ही गेलात?”

“पगार होता. तुम्ही पाच जण होता घरात.” ते थांबले. “पण तुला कसा नेणार होतो?”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुझ्या आईनं मला जाऊ दिलं असतं?”

आई जाऊन आता अकरा वर्षं झाली. मी उठून आत गेलो, पाणी प्यायलो, परत आलो. अब्बांचं नख अजून त्या पुट्टीवरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्या काढायला घेतल्या. पांढरा गोंद वाफेनं मऊ होतो. किटलीच्या तोटीपाशी बोट धरायची आणि जुन्या पटाशीनं फळी हळूच उचलायची. चौदापैकी नऊ फळ्या वाचल्या, पाच मोडल्या. डावीकडच्या सहाही काढल्या. उघडा कणा दोन सपाट पाटांमध्ये दाबून आठवडाभर ठेवला. तो पुन्हा वळू नये म्हणून सांगाड्यांच्या मधल्या जागेत लाकडाचे ठोकळे बसवले. लाकूड पांगाऱ्याचं, हलकं आणि मऊ, परसातलंच. हे नकाशात नव्हतं, अब्बांनी सुचवलं. कमी पडलेल्या पट्ट्या ओळखीच्या सुताराकडून चिरून आणल्या. त्यांचा रंग जरा गडद आहे, त्यामुळे जखम कुठे होती ते कळतं. नकाशाप्रमाणे वरून अर्ध्या मिलिमीटरचा अक्रोडाचा पातळ थर चढवायचा आहे, तेव्हा ते झाकलं जाईल. एवढं झाकायला हरकत नाही. त्याच्याखाली आता काही खोटं नाही.

या वेळी फळ्या आळीपाळीनं लावल्या. एक उजवीकडे, की लगेच तिची जोडीदार डावीकडे. अब्बा शेजारी बसून मोजत. मी विसरलो की म्हणत, “दुसरी बाजू रडतेय.” एका संध्याकाळी मी विचारलं, की आपले सुतारही असेच आधी सांगाडा उभा करायचे का? ते म्हणाले, “नाही. आम्ही खालच्या फळ्या आधी चढवायचो आणि त्यांच्यावरून वाकांचं माप घ्यायचो. तुझी बोट आतून बाहेर आलीय, आमची बाहेरून आत जायची.” सुताराला मदत करताना त्यांना हे सगळं येऊ लागलं होतं. मी कधी विचारलं नव्हतं.

गेल्या शुक्रवारी शेवटची फळी बसली. बोट पुन्हा त्यांच्या हातात दिली. अंगठे नाळेवरून मागे गेले, पुन्हा पुढे आले. तीनदा. मला दहावीचा निकाल आठवला.

“पुट्टी नाही कुठे,” ते म्हणाले.

“नाही.”

“डबा उरलाय का?”

“अर्धा आहे.”

“ठेव. मागच्या खिडकीचं तावदान हलतंय.”